तीन नंबरचे विष्णुपंत

विष्णुपंत जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंचे आणि माणसांचे तीन वर्ग करीत: एक नंबर, दोन नंबर आणि तीन नंबर. यात पहिला श्रेष्ठ, दुसरा मध्यम अशी प्रतवारी नव्हती. असलीच तर ती उलटी होती. एक नंबर म्हणजे हलकं, चपळ, सरळ जाणारं. दोन नंबर म्हणजे जे सगळेच वापरतात ते. आणि तीन नंबर म्हणजे जड, संथ, दुर्मिळ. निघतं सावकाश, वाटेत खाली झुकतं, पण पोचलं की पोचलं. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर दोन नंबर होते. मामलेदार एक नंबर. पंतांच्या पत्नी माई याही एक नंबर, "कारण तिचं बोलणं सुटलेलं कळतच नाही, कळतं ते लागल्यावर." फणस तीन नंबर, आंबा दोन नंबर. मला त्यांनी कोणत्या वर्गात घातलं होतं ते मी कधी विचारलं नाही. शाळामास्तराने दुसऱ्याकडे स्वतःचे मार्क विचारू नयेत.

पंत या श्रावणात गेले. त्यांच्याविषयी काही लिहावं असं वाचनालयाच्या मंडळींनी सुचवलं, तेव्हा मी हो म्हटलं आणि मग बरेच दिवस नुसता कागद पुढ्यात घेऊन बसलो. त्यांचा जन्म, शिक्षण, वाडीचं उत्पन्न हे सगळं खरं म्हणजे चार ओळींत संपतं. उरतो तो तीन नंबर. तेव्हा त्याविषयीच लिहितो.

ही वर्गवारी आली होती हवेच्या बंदुकीच्या छर्ऱ्यांवरून. या बंदुकीत दारू नसते. नळीखालचा दांडा ओढला की आतली स्प्रिंग दबते. घोडा ओढला की ती सुटते आणि दाबली गेलेली हवा छर्ऱ्याला बाहेर ढकलते. छर्रा शिशाचा, कमरेत आवळलेला, लहानशा डमरूसारखा. त्याचे आकार तीन. एक नंबर मुगाएवढा, दोन नंबर तुरीच्या दाण्याएवढा, तीन नंबर वाटाण्याएवढा. त्या काळी हौशी माणसं एक नाहीतर दोन नंबरची बंदूक घेत. तीन नंबरची बंदूक आमच्या सबंध कुलाबा जिल्ह्यात एकच असावी, आणि ती रेवदंड्याच्या अलीकडे, आमच्या आळीत, विष्णुपंतांच्या ओट्यावरच्या खुंटीला टांगलेली होती.

पंतांनी ती विचारपूर्वक निवडली होती असा त्यांच्या श्रोत्यांचा समज असे. तो पंतांनी कधी दूर केला नाही. वस्तुस्थिती अशी होती की पुलाच्या कामावरचा एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला. पंत तिथे आरामखुर्ची घ्यायला गेले होते. खुर्ची डॉक्टरांनी घेतली. बंदुकीवर कुणीच बोली लावीना, तेव्हा रिकाम्या हाताने परत कसं जायचं म्हणून पंतांनी ती घेतली. तिचा नंबर तीन आहे हे त्यांना घरी आल्यावर कळलं. आधी बंदूक आली, मग तत्त्व आलं. माझ्या पाहण्यात बहुतेक तत्त्वं अशीच आलेली आहेत.

पण एकदा आल्यावर त्यांनी त्याला अंतर दिलं नाही. संध्याकाळी ओट्यावर पानाचा डबा उघडला की विषय निघे. डॉक्टरांकडे दोन नंबरची बंदूक होती. ते त्याच लिलावातल्या आरामखुर्चीची आठवण ठेवून पंतांना डिवचायला मुद्दाम येत.

"पंत, तुमचा छर्रा निघाला की मी मधल्या वेळात एक विडी ओढून घेतो," डॉक्टर म्हणत.

"ओढा. विडी ओढणाऱ्याला वेळ लागतोच," पंत शांतपणे सुपारी कातरत म्हणत. "डॉक्टर, तुम्ही वेगावर जाता. पोफळीवरून सुपारी डोक्यात पडली तर माणूस वर बघतो. माडावरून नारळ पडला तर बघायला माणूस राहत नाही. दोघांचा वेग एकच. वजनाचं काय ते बोला."

"पण तुमचा खाली झुकतो ना? नारळावर धरला तर बुंध्याला लागतो."

"झुकणं हा दोष नव्हे, स्वभाव आहे. स्वभाव ओळखावा आणि थोडं वर धरावं."

"थोडं वर धरा" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर झालं होतं. मुलाला गणितात पास होण्यापुरते मार्क हवेत? थोडं वर धरा. मुलीला स्थळ बघताय? थोडं वर धरा. आमटीत मीठ कमी पडलं तरी ते माईंना हेच सांगत, आणि माई म्हणत, "मी डाव वर धरला तर चालेल का?"

बंदुकीला ते तेल घालीत ते आपल्या वाडीतल्या नारळाचं. डॉक्टर बजावीत, "खोबरेल घालू नका, आत जळतं, धूर येतो." पंत म्हणत, "इतकी वर्षं इथे राहिल्यावर तिला बाहेरचं तेल मानवायचं नाही." त्यामुळे पंत नेमबाजीला बसले की साऱ्या आळीत न्हाणीघरासारखा वास सुटे आणि नळीच्या तोंडाशी धुराची एक बारीक सुरळी दिसे.

त्यांची सर्वांत मोठी फुशारकी नारळाच्या डोळ्याची होती. सोललेल्या नारळाची शेंडी काढली की खाली तीन डोळे दिसतात आणि त्यांतला एक मऊ असतो, हे इथल्या मुलांनाही ठाऊक असतं. लांबवर ठेवलेल्या नारळाचा तो मऊ डोळा आपण तीन नंबरने फोडला होता, छर्रा आत गेला होता आणि पाण्याची धार लागली होती, असं पंत सांगत. हे कुणी पाहिलं होतं का? माई माहेरी गेल्या होत्या. डॉक्टर अलिबागला गेले होते. वाडीत नारळ पाडायला येणारा धोंडू माडावर होता, पण त्याचं तोंड समुद्राकडे होतं.

"मी वरती व्हतो," धोंडू साक्ष देई. "धार मना दिसली न्हाय. पन पंत खाली नाचत व्हते, त्ये दिसलं."

या थोर शस्त्राने पंतांनी आयुष्यात एकही जीव मारला नाही. डॉक्टरांच्या दोन नंबरने कावळे पडत, एकदा शेजाऱ्याची कोंबडीही पडली. पंतांच्या वाडीत वानरांची टोळी उतरे, कोवळी शहाळी कुरतडून टाकी. पंत बंदूक घेऊन धावत, नेम धरीत, बराच वेळ धरून ठेवीत आणि खाली घेत.

"का हो पंत?" मी एकदा विचारलं.

"तीन नंबर आहे मास्तर. लागला तर मरेल."

"मग एक नंबर घ्या. नुसता चिमटा बसेल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू त्यांना धर्मांतर करायला सांगितलं होतं.

वानरांनी हे लवकर ओळखलं. त्यांतला एक थोराड हुप्प्या तर पंतांनी नेम धरला की काठावरच्या माडावर निवांत बसून पाठ खाजवीत असे. धोंडू म्हणे, "त्येला ठाव हाय पंत, तुमी मारनार न्हाय. त्यो बी तीन नंबरचाच हाय."

पंतांना एकच चिंता होती: छर्रे. मुंबईत ज्या दुकानातून ते छर्ऱ्यांचे डबे आणीत, त्या गुजराती दुकानदाराने एकदा सांगितलं, "पंत, तीन नंबर आता बंध करवानो. तुमच्याशिवाय कोण मागतो? विलायतमां पण कमी बनावे छे." पंत रेवसला आगबोटीतून उतरले ते तापाने फणफणल्यासारखे. तीन नंबर नामशेष होणार! उंबरठ्यावरूनच त्यांनी माईंना ही बातमी सांगितली. माईंनी विचारलं, "आणि मी सांगितलेला हिंग?" हिंग विसरला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोहीम उघडली. गावातून जो कुणी मुंबईला जाईल, मग तो कोर्टाच्या कामाला जावो, मुलाच्या बिऱ्हाडी जावो की डोळे तपासायला, त्याला गाठून पंत सांगत, "त्या दुकानात नुसतं डोकवायचं. विकत काही घ्यायचं नाही. एवढंच विचारायचं, 'तीन नंबरचे छर्रे आहेत का?' आणि नाही म्हणाला की तोंड वाईट करून निघायचं." लोकांनी हे काम आनंदाने केलं. कोकणातल्या माणसाला विकत न घेता चौकशी करायची म्हटलं की अंगात बळ येतं. काहींनी वाईट तोंड इतकं मनापासून केलं की दुकानदाराला त्यांना पाणी द्यावं लागलं म्हणे.

मोहीम फत्ते झाली. दुकानदाराने विलायतेहून तीन नंबरची पेटीच्या पेटी मागवली आणि गिऱ्हाइकांची वाट पाहत बसला. गिऱ्हाईक एकच आलं. पंतांनी परवडले तेवढे डबे घेतले. उरलेला माल काही वर्षं धूळ खात पडला. शेवटी वैतागून त्या माणसाने तो शिसं म्हणून वजनावर काढून टाकला. शिसं जाळ्यांचं सामान विकणाऱ्याकडे गेलं, आणि तिथून आमच्याच खाडीवरच्या कोळीवाड्यात आलं. एका सकाळी पंत मासळी घ्यायला गेले, तर धर्मा कोळ्याच्या फेकायच्या जाळ्याच्या घेराला शिशाच्या गोळ्यांऐवजी छोटे छोटे डमरू ओळीने बांधलेले.

"धर्मा, हे काय रे?"

"गोल्या, पंत. झाक हायेत. कंबरंत दोरा बसतंय, सुटत न्हाय."

"अरे, हे तीन नंबर आहेत!"

"आसतील. एका गाठीत चार-चार घातल्यान, तवा कुठं जालं बुरतंय."

पंत तिथेच वाळूच्या पुळणीवर बसले. जगातली शेवटची तीन नंबरची पेटी बोयी मासे पकडत होती. त्यांनी धर्माला गोळ्या विकत मागितल्या. धर्मा म्हणाला, "आनि माजं जालं तरंगलं, त मासं काय तुमी बंदुकीनं मारनार?" शेवटी पंतांनी बदल्यात साधं शिसं देऊन ते छर्रे एकेक करून सोडवून आणले. पुष्कळसे दबले होते, खाऱ्या पाण्याने पांढरे पडले होते. म्हणून पंतांनी सोनाराकडून एक साचा करून घेतला आणि चुलीवर शिसं वितळवून स्वतः छर्रे ओतायला सुरुवात केली. "आता विलायतेवर अवलंबून राहायला नको," ते म्हणाले. देशात स्वदेशीची चळवळ चालू होती, तीत पंतांचा हा भाग होता.

याच सुमारास वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्यांनी 'तीन नंबरचे गुण व भवितव्य' या विषयावर व्याख्यान दिलं. चिटणीस मी असल्याने श्रोते जमवण्याची जबाबदारी माझी होती. पंत छान बोलले. जग वेगाच्या मागे लागलं आहे, पण वेगाची हौस फिटली की लोक वजनाकडे वळतील, आणि तेव्हा तीन नंबरला दिवस येतील, असं त्यांनी मांडलं. शंका विचारा म्हटल्यावर धोंडू मागून उठला.

"पंत, समदं खरं. पन बंदूक सगल्या जिल्ह्यात येक. तुमच्या मागारी ती कोन घेनार?"

पंतांना मूल नव्हतं. पंत म्हणाले, "प्रश्न चांगला आहे," आणि पाणी प्यायले. व्याख्यान तिथेच संपलं. पुढे बऱ्याचदा ओट्यावर बोलता बोलता ते मध्येच थांबून खुंटीकडे पाहत, तेव्हा धोंडूचा प्रश्न त्यांच्या मनात आहे हे मला कळे.

मग मिठाचा कायदा मोडण्याचं वर्ष उजाडलं. किनाऱ्यावर लोक समुद्राचं पाणी आटवून मीठ करू लागले, पकडले जाऊ लागले, आणि गावातली झाडून सगळी हत्यारं चौकीवर आणून दाखवावीत असा हुकूम निघाला. आमच्या गावाने आपलं शस्त्रागार बाहेर काढलं: म्यानातून न निघणारी एक तलवार, दोन भाले आणि हवेच्या दोन बंदुका.

डॉक्टर आधी जाऊन आले. "पोरांचं खेळणं आहे साहेब," असं हसत सांगून त्यांनी आपली दोन नंबर परत आणली होती. त्यांनी पंतांना येऊन पढवलं. माईंनी तर दाराशी वाट अडवून सांगितलं, "तिथे तोंड उघडायचं नाही. विचारलं तर, 'होय, खेळणं' एवढंच म्हणायचं. मास्तर, तुम्ही बरोबर जा. आणि बोलायला लागले तर खोकला काढा."

चौकी पंतांच्या वाडीच्या पलीकडच्या अंगाला. मध्ये माड-पोफळीच्या रांगा आणि एक पायवाट. फौजदार नवे होते, घाटावरचे, तरुण. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बंदूक उलटीसुलटी पाहिली, वास घेतला आणि चमकले.

"हिने माणूस मरतो का?"

मी खोकलो. पंतांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "तुम्हीच मारून पाहा साहेब," डॉक्टर घाईने म्हणाले. तेही मजा पाहायला आले होते. धोंडूने एक सोललेला नारळ आणून अंगणापलीकडच्या विहिरीच्या कठड्यावर ठेवला. शेंडी तशीच होती.

फौजदारांनी नेम धरला. टक्. छर्रा नारळाच्या खाली कठड्याच्या दगडावर लागला. पुन्हा मारला. पुन्हा खाली. हवालदाराने चपटा झालेला छर्रा उचलून आणला. फौजदार हसले.

"खेळणंच आहे की हे. डॉक्टरांच्या बंदुकीहून रद्दी. घेऊन जा पंत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. काम झालं होतं. बंदूक पंतांच्या हातात आली होती. ती खांद्याला लावायची आणि घराकडे वळायचं, एवढंच उरलं होतं. पण डॉक्टरांना राहवलं नाही.

"मी सांगत नव्हतो पंत? झुकतो तो झुकतोच."

पंत थांबले.

मी खोकलो. खूप खोकलो. डॉक्टरांनासुद्धा वाटलं असावं की मला खरंच काही झालं.

"साहेब," पंत म्हणाले, "आपला नेम उत्तम होता. फक्त आपण सरळ धरलात. तीन नंबरला थोडं वर धरावं लागतं."

"बरं, बरं. कळलं. जा आता."

"कळलं कसं? आपण रद्दी म्हणालात." आणि पंत चालत विहिरीकडे गेले. त्यांनी नारळ उचलला, हाताने शेंडी उपटून काढली, अंगठा फिरवून मऊ डोळा चाचपला आणि तो आमच्या बाजूला करून नारळ पुन्हा ठेवला. धोंडूने डोक्याला हात लावला. ते काय करणार होते हे आता फौजदार सोडून सगळ्यांना कळलं होतं.

परत येऊन त्यांनी दांडा ओढला, छर्रा घातला आणि नळी नारळाच्या वरती, मागच्या चिंचेकडे रोखली. मी देवाला हात जोडले. छर्रा चुकू दे, अशी प्रार्थना मी केली. आणि पंतांच्या बाजूने प्रार्थना करायची तर कोणती करावी, हे मला आजही सांगता येणार नाही.

आवाज झाला. खोबरेलाचा धूर निघाला. नारळ जागचा हलला नाही. पाहता पाहता त्याच्या डोळ्यातून पाण्याची बारीक धार सुटली आणि कठड्यावरून खाली ओघळू लागली.

"पंत!" धोंडू ओरडला. "डोला फोरला!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साक्षीदार हजर होते. कौशल्य की योगायोग, ते मी सांगू शकत नाही. डॉक्टर शेवटपर्यंत योगायोग म्हणत.

फौजदारांनी ती धार पाहिली. मग म्हणाले, "पंत, माणसाचा डोळा याहून मोठा असतो. ही बंदूक इथे राहील."

"राहायलाच हवी!" पंत उत्साहाने म्हणाले. "ही काय कुणाच्याही हाती द्यायची वस्तू आहे?"

घरी येईपर्यंत ते रस्ताभर बोलत होते. ओट्यावर माई उभ्या होत्या.

"फोडला!" पंत म्हणाले. "डोळा फोडला!"

"अगं बाई! कुणाचा?" आणि मग माईंचं लक्ष त्यांच्या रिकाम्या हातांकडे गेलं. पंतांचंही तेव्हाच गेलं असावं. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, उपरणं काढलं आणि ते खुंटीला अडकवलं.

फौजदारांनी नंतर डॉक्टरांकरवी निरोप धाडला. म्हाताऱ्या माणसाची वस्तू ठेवून घेणं त्यांनाही बरं वाटत नव्हतं. ही बंदूक खेळण्यातली असून तिच्यापासून कुणाला इजा होण्याचा संभव नाही, एवढं पंतांनी लिहून द्यावं, म्हणजे बंदूक परत. डॉक्टर मजकूर लिहूनच घेऊन आले. माईंनी दौत पुढे ठेवली.

पंतांनी कागद वाचला. "डॉक्टर, यात एक दुरुस्ती करा. 'खेळण्यातली असून' याचं 'खेळण्यातली नसून' करा."

"अहो, मग परत कशी मिळेल?"

"नाही मिळणार. पण साहेबांनी डोळ्यांनी धार पाहिली आहे. आता मीच खोटं लिहून देऊ? तिच्याबद्दल?"

माई म्हणाल्या, "एका सहीने काय होतंय? तिला काय वाचता येतंय?"

पंतांनी सही केली नाही. त्या वर्षी सत्यासाठी तुरुंगात गेलेली माणसं जिल्ह्यात पुष्कळ होती. सत्यासाठी खेळणं गमावलेले तेवढे विष्णुपंतच.

ते खचतील असं आम्हाला वाटलं. काही महिने डॉक्टर आले तरी दोन नंबर-तीन नंबर निघत नसे. डॉक्टरांनाच ते खाऊ लागलं होतं. एकदा ते आपण होऊन म्हणाले, "वजनाचं तुमचं खरं आहे हो पंत," तर पंतांनी नुसती मान हलवली.

मग एका दुपारी चौकीवरचा हवालदार ओट्याशी येऊन घुटमळला.

"पंत, साहेबांनी विचारलंय. तीन नंबरचे छर्रे कुठं मिळतात?"

"कशाला?"

"साहेब रोज सकाळी नारळावर मारतात. छर्रे संपले."

पंत उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी शेजारच्या बाकावरून पाहिलं, पण ते वर्णन करण्याचं बळ माझ्या लेखणीत नाही. ते आत गेले आणि स्वतः ओतलेल्या छर्ऱ्यांचा भरलेला डबा घेऊन बाहेर आले.

"साहेबांना द्या. आणि म्हणावं, थोडं वर धरा."

हवालदार जाताच माई बाहेर आल्या. "बंदूक गेली ती गेली. आता छर्रेही नेऊन द्या. उद्या तेल पाठवा."

"तेल!" पंत म्हणाले. "बरं आठवलंस." आणि त्यांनी धोंडूला खोबरेलाची बाटली घेऊन हवालदाराच्या मागे पिटाळलं. "अगं, तिची उपासमार होऊ द्यायची का?"

फौजदार बदलले. दुसरे आले, तिसरे आले. बंदूक चौकीतच राहिली. एक साहेब दुसऱ्याला कामाचा चार्ज देताना तीही देत असावा. पंत छर्रे ओतून पाठवीत राहिले. सकाळी ते ओट्यावर माळेतले मणी ओढत बसत, पण कान वाडीपलीकडे असे. टक् असा दगडाचा आवाज आला की म्हणत, "खाली गेला." कधी नारळाचा भरीव, ओला आवाज येई, मग मान डोलावत. आता जिल्ह्यात तीन नंबरवाले वाढताहेत, हे त्यांनी डॉक्टरांना पुराव्यानिशी पटवून दिलं. "आज एक चौकी. पुढे बदलीच्या गावी ते आपली घेतील. थोडं वर धरा डॉक्टर." एकाही फौजदाराने स्वतःची तीन नंबर घेतल्याचं कधी ऐकण्यात आलं नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि डॉक्टरांनीही नाही.

या आषाढात पंत अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन चपला घातल्या. मग परत आत गेले. त्यांनी खिशातून जुनाच, घड्यांवर फाटलेला तो कागद काढला.

"पंत, एक सही करा. तासाभरात आणून खुंटीला लावतो."

पंत हसले. "असू दे डॉक्टर. इथे टांगून काय करायचीय? तिथे तिचं काम चाललंय."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पाऊस उघडलेल्या एका सकाळी. त्यांना ओट्यावर खाटेवर, तक्क्याला टेकवून बसवलं होतं. नवे फौजदार आदल्याच आठवड्यात आले होते. वाडीपलीकडून आवाज आला. टक्.

"खाली," पंत पुटपुटले.

टक्.

"खाली. सांगितलं नाही वाटतं कुणी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, जरा..." आणि त्यांना धाप लागली. फक्त उजव्या हाताचं एक बोट वर झालं.

मी निघालो. पायवाट निसरडी होती, मला घाईने चालता येत नाही. चौकीच्या अंगणात नवे साहेब त्रासलेल्या चेहऱ्याने उभे होते. विहिरीच्या कठड्यावर नारळ होता. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "पलीकडे विष्णुपंत म्हणून आहेत, त्यांचा निरोप आहे. थोडं वर धरा."

"किती वर?"

मला ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ऐकूनही मी हे कधी विचारलं नव्हतं. मी एक बोट वर केलं.

त्यांनी धरलं. भरीव, ओला आवाज झाला आणि नारळ गडगडत विहिरीत पडला. हवालदार पोहरा आणायला धावला.

मी परत आलो तेव्हा पंतांनी डोळे मिटले होते. माई उशाशी वारा घालत होत्या. त्यांनी मला गप्प राहण्याची खूण केली.

"आत्ता झोप लागलीय," त्या हळूच म्हणाल्या. "मघापासून कान लावून होते. मी म्हटलं, मास्तर अजून पोचले नसतील, तुम्ही पडा. तर म्हणाले, मास्तर तीन नंबर आहेत, वेळ लागेल. मग तो आवाज आला. तेव्हा म्हणाले..."

माईंचा पंखा थांबला.

"म्हणाले, पोचले."